एका कॉइनचे दहा प्रेक्षक

ताम्हिणीहून घाट उतरलं की माणगाव, उलट्या दिशेला गेलं की पौड आणि मग पुणं. नव्वदच्या दशकात मुळशी खोऱ्यातल्या पोराला व्हिडिओ गेम खेळायचा तर दुसरी वाट धरावी लागे. एसटीनं पुण्यात यायचं आणि मोठ्यांची कामं उरकेपर्यंत एखाद्या पार्लरात घुसायचं. पार्लर म्हणजे बहुधा एखादा अंधारा गाळा. दाराला पडदा, आत पाच-सहा मशिनी, गल्ल्यावर टोकनं मोजणारा मालक. रुपयाला एक कॉइन. पुढे दोन रुपये झाले.

तोमोहिरो निशिकादोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ जपानमध्ये १९७८ साली आला, ‘पॅक-मॅन’ १९८० साली. आपल्याकडे मात्र झुंबड उडाली ती कॅपकॉमच्या दोन गेमसाठी. १९९१चा ‘स्ट्रीट फायटर टू’ आणि १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. दुसऱ्याचं हे लांबलचक नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. पिवळ्या टोपीवाल्या हिरोवरून सगळे त्याला ‘मुस्तफा’च म्हणत.

मुस्तफाला बटणं दोनच, एक मारायचं, एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की चारही बाजूंचे गुंड उडत, पण आपलीही थोडी लाईफ जाई. त्यामुळे ते कधी दाबायचं यावर मागे उभ्या पोरांचं एकमत होत नसे. “दाब, दाब!” “अरे थांब, बॉस येतोय!” बॉस आलाच, तर एखादा दादा “हो बाजूला” म्हणत स्टिकचा ताबा घेई. कॉइन धाकट्याचा, फायनल मारणार दादा! तरीही धाकटा खूश, कारण पुढची स्टेज बघायला मिळे.

माझ्या मते पार्लरची खरी गंमत इथंच होती. कॉइन एकाकडे आणि बघे दहा. कुठल्या पिंपात खाणं निघतं, कुठल्या बॉसला कोपऱ्यात कोंडायचं, हे ज्ञान पुस्तकात नव्हतं. ते बघून आणि ऐकून मिळे. खिशात रुपया नसलेला पोरगाही त्यात तरबेज असू शके.

मालकही कच्च्या गुरूचा चेला नसे. मशीनच्या आतल्या सेटिंगमधून गेम अवघड करता येई, म्हणजे कॉइन लवकर संपे. नकली बोर्डांचाही सुळसुळाट होता. ‘स्ट्रीट फायटर’ची ‘रेनबो’ नावाची तैवानी नक्कल तर भन्नाटच. हवेत उडी मारून ‘आडूगेन’चा गोळा सोडा, मधेच फायटर बदला! ती इतकी चालली की कॅपकॉमनं १९९२ साली स्वतःच जास्त वेगवान ‘टर्बो’ आवृत्ती काढली. चोरानं मालकाला धंदा शिकवला म्हणायचं.

घरच्यांच्या लेखी मात्र पार्लर आणि मटक्याचा अड्डा यांत फारसा फरक नसे. सरकारनं १९२३च्या करमणूक शुल्काच्या कायद्यात व्हिडिओ गेमलाही ओढलं होतं, तेव्हा त्याच्या लेखी ही निदान करमणूक तरी होती. आणि हेही सांगायला हवं, की हा सगळा गोतावळा पोरांचाच. त्या अंधारात मुली जवळपास नसायच्याच. आज समाजमाध्यमांवर पार्लरच्या आठवणींचा पूर येतो, तो आमच्या पिढीतल्या अर्ध्याच लोकांचा आहे.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले, मग सायबर कॅफेतलं ‘काउंटर स्ट्राइक’, मग मोबाइल, आणि पार्लरं ओस पडत गेली. जपानातसुद्धा सेगानं २०२०मध्ये आपल्या आर्केडचा मोठा हिस्सा विकला आणि २०२२च्या जानेवारीत उरलेलाही.

१९९७ सालच्या ‘मेम’ या एम्युलेटरमुळे जुने गेम संगणकावर जिवंत झाले. पण एक बटण दाबून हवे तेवढे कॉइन टाकता येऊ लागले, की मुस्तफा तासाभरात संपतो. मेल्यावर पुन्हा उठायचं, एवढंच. तिथं जीव वाचवण्याची कुणाला पडलेली नसते आणि “थांब” म्हणून ओरडणारंही कुणी नसतं. मॉलमधल्या गेम झोनात कार्ड घासून खेळता येतं. तिथं दुसऱ्याच्या मशीनमागे दहा मिनिटं उभं राहून बघा. कर्मचारी हसून विचारतो, “सर, कार्ड रिचार्ज करायचंय का?”