मांडणी अर्धवट राहिली तर

मराठी मजकूर जोडाक्षरांसह सुबकपणें जुळवावयाचा असेल, किंवा घरांतील कोणाचा गणिताचा प्रबंध तयार व्हावयाचा असेल, तर ‘टेक्स’ या आज्ञावलीस तोड नाहीं, असें आमचें मत आहे. डॉनल्ड कनूथ या अमेरिकन पंडितानें आपल्या ग्रंथाचीं नव्या तंत्रानें जुळविलेलीं मुद्रितें पाहून, त्यांच्या रूपानें असंतुष्ट होऊन, १९७७ सालीं ती रचावयास घेतली. तिचा सारा परिवार एकत्र देणारा ‘टेक्स लाइव्ह’ हा संग्रह मात्र कित्येक गिगाबाइटांचा आहे. इंटरनेटवरून तो संगणकावर बसवितांना मध्येंच जोडणी तुटणें, हा प्रसंग बहुतेकांवर येतो.

अशा वेळीं खरी हानि होते ती निवडीची. चिनी, जपानी व कोरियन भाषांचे संच वगळावयाचे. भारतीय भाषांचें बरेंच साहित्य ‘इतर भाषा’ या नांवाच्या संचांत असतें (या नांवाचा विषाद मानूं नये), तो राखावयाचा. कागद ए-फोर, फोल्डर अमुक, माहितीपुस्तिका नकोत. इतकें ठरवितां ठरवितां माणूस थकून जातो. तें सर्व पुन्हां करावयाचें म्हटलें, कीं चिरंजीव वैतागून ‘सगळेंच घ्या’ म्हणतात आणि डिस्क भरून जाते. प्रबंधाची मुदत उद्यांची असेल, तर विचारावयासच नको!

वास्तविक पाहतां हा त्रास अनाठायीं आहे. मांडणी फसली, तरी आपण केलेली निवड ‘इन्स्टॉलेशन डॉट प्रोफाइल’ या नांवाच्या लहानशा फाइलींत लिहून ठेवलेली असते. ही फाइल, ज्या फोल्डरांतून काम सुरू केलें, त्याच फोल्डरांत सांपडते. म्हणून स्वच्छतेच्या भरांत तो फोल्डर पुसून टाकूं नये, व दुसऱ्या जागेवरून नवा आरंभही करूं नये. त्याच फोल्डरांतून तीच आज्ञा पुन्हां दिली, कीं जुनी मांडणी अर्धवट राहिलेली आढळल्याचें संगणक सांगतो, आणि पूर्वीच्याच निवडीप्रमाणें पुढें जावयाचें काय, असें विचारतो.

येथेंच सावध राहावें. या प्रश्नाचें गृहीत धरलेलें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. संवयीनें एंटर दाबणारा मनुष्य आपली निवड आपल्याच हातानें फेंकून देतो; ‘वाय’ हें अक्षर टंकूनच एंटर दाबलें पाहिजे. ही योजना आम्हांस प्रथमदर्शनीं निर्दय वाटली. परंतु पूर्वीं केव्हां तरी पडून राहिलेली फाइल नकळत लागू होऊं नये, एवढा विवेक तींत आहे खरा.

ती फाइल साधी मजकुराची असल्यामुळें उघडून वाचतां येते. एकेका ओळींत एकेका संचाचें नांव व त्यापुढें आंकडा, असा तिचा थाट असतो. तिची एक प्रत निराळी काढून ठेवावी. घरांतील दुसऱ्या संगणकावरही ‘प्रोफाइल’ हा पर्याय देऊन तीच निवड वापरतां येते. काम निर्विघ्न पार पडल्यावरही तशीच एक नोंद संग्रहाच्या ‘टीएलपीकेजी’ या फोल्डरांत राहते. पुढील वर्षीं नवी आवृत्ति बसवितांना ती उपयोगी पडेल. मात्र फोल्डरांच्या नांवांत जुनें साल असतें, तेवढें आधीं बदलून घ्यावें.