सूचना निघाली, पण पोहोचली का?

डिसेंबर २०२३ मधला तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तुम्हालाही आला असेल. ‘मेफ्टाल घेऊ नका, सरकारनं इशारा दिलाय!’ पाळीच्या दुखण्यावर ही गोळी घरोघरी घेतली जाते, त्यामुळे मेसेज सुसाट फिरला. माझ्या मावशीनं तो आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवला. डॉक्टर म्हणाले, “हे मला तुमच्याकडूनच कळतंय.”

मावशीला याचं हसू आलं, मला नाही आलं. औषधाबद्दलची नवी माहिती डॉक्टरांपर्यंत कशी पोहोचते (आणि कुठे अडकते), हाच माझ्या पीएचडीचा विषय आहे. आज तो सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते.

मूळ सूचनेत काय होतं?

आधी एक गैरसमज दूर करू. मेफ्टालवर बंदी आलेली नव्हती. मेफेनॅमिक अ‍ॅसिड या त्यातल्या घटकामुळे क्वचित ‘ड्रेस सिंड्रोम’ नावाची तीव्र अ‍ॅलर्जी होऊ शकते, त्यावर लक्ष ठेवा आणि असं काही आढळलं तर कळवा, एवढंच सूचनेत म्हटलं होतं. अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी, कधी यकृतावर परिणाम, अशी याची लक्षणं. गंमत म्हणजे ती बहुतेकदा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसतात. तोवर गोळी कोणाच्या लक्षातही नसते.

म्हणजे या सूचनेचा खरा उपयोग कुठे आहे? पुरळ आणि ताप घेऊन एखादी मुलगी दवाखान्यात येते. ‘व्हायरल असेल’ म्हणून औषध लिहून देणारा डॉक्टर आणि ‘गेल्या दोन महिन्यांत कुठली गोळी घेतली होतीस?’ असं विचारणारा डॉक्टर, या दोघांत फरक पडतो तो या एका माहितीमुळे. दुष्परिणाम वेळेत ओळखून गोळी थांबवली नाही, तर तो जिवावरही बेतू शकतो.

सूचना निघते कशी?

भारतात २०१० पासून ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया’ चालतो. २०११ पासून त्याचं केंद्र गाझियाबादच्या ‘इंडियन फार्माकोपिया कमिशन’मध्ये आहे. औषधाचा दुष्परिणाम दिसला की डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट किंवा रुग्ण स्वतः तो कळवू शकतात. देशभरातल्या मेडिकल कॉलेजांमधल्या केंद्रांमार्फत या नोंदी गाझियाबादला जातात. एकाच औषधाबद्दल एकसारख्या तक्रारी दिसू लागल्या की तज्ज्ञ त्या तपासतात आणि सूचना निघते. ती वेबसाइटवर येते, पेपरात छापून येते.

वर जाणारा रस्ता असा बराच नीट आखलेला आहे. प्रश्न खाली येणाऱ्या रस्त्याचा आहे. पुण्यात कोथरूडला किंवा हडपसरला एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना ही सूचना कोण नेऊन देतं? ती त्यांना मिळाली, त्यांनी वाचली, याची नोंद कोण ठेवतं?

पत्र पाठवलं की झालं?

‘मग प्रत्येक डॉक्टरला पत्र पाठवा की,’ असं तुम्ही म्हणाल. अमेरिकेत हे करून झालंय. सिसाप्राइड हे आम्लपित्तावर दिलं जाणारं औषध. काही ठरावीक औषधांसोबत किंवा आजारांत दिलं तर हृदयाचे ठोके बिघडायचे. १९९८ साली तिथल्या औषध प्रशासनानं लेबलवरचा इशारा कडक केला, डॉक्टरांना पत्रं गेली. नंतर संशोधकांनी तीन ठिकाणच्या नोंदी तपासल्या. इशाऱ्याआधीच्या वर्षात हे औषध ज्यांना द्यायलाच नको होतं, अशा रुग्णांचं प्रमाण २६, ३० आणि ६० टक्के होतं. इशाऱ्यानंतरच्या वर्षात ते झालं २४, २८ आणि ५८ टक्के.

बस्स, एवढाच फरक! हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तिथे या औषधाची सर्वसाधारण विक्री थांबली. भारतात सिसाप्राइडवर बंदी आली १० फेब्रुवारी २०११ ला.

डॉक्टर निष्काळजी असतात, असा याचा अर्थ लावू नका. पत्र येतं दुपारी, रुग्ण येतो तीन महिन्यांनी, तोही बाहेर वीसजण बसलेले असताना. माहिती कळणं आणि ती नेमक्या क्षणी आठवणं, यात अंतर असतंच.

मग कॉम्प्युटरनं आठवण करून दिली तर? तेही करून झालंय. २००६ च्या एका आढावा लेखानुसार कॉम्प्युटरवर येणाऱ्या औषध-सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर बाजूला सारतात. दिवसभर घंटा वाजत राहिली की कान तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. त्यामुळे ‘जास्त सूचना पाठवा’ हे काही उत्तर नव्हे.

बातमी एक, पत्ते वेगवेगळे

माझ्या मते गोंधळाचं मूळ असं की, आपण वेगवेगळ्या प्रकारच्या बातम्या एकाच वाटेनं पाठवतो.

पहिला प्रकार: बॅच खराब निघणं. ऑक्टोबर २०२५ मधलं कोल्ड्रिफ कफ सिरप आठवा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तमिळनाडूच्या तपासणीत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. महाराष्ट्राच्या एफडीएनंही त्या बॅचची विक्री आणि वापर थांबवायला सांगितलं. इथे हिशोब तासांचा असतो, आणि पहिला निरोप जायला हवा केमिस्टकडे. बाटली त्याच्या फळीवर असते, बॅच नंबर त्याच्या बिलात असतो.

दुसरा प्रकार: कोणाला द्यायचं, याचा नियम बदलणं. डिसेंबर २०२३ मध्येच औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांच्या एका मिश्रणाबद्दल कंपन्यांना सांगितलं होतं की, ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं लेबलवर छापा. कोल्ड्रिफमध्येही हे दोन घटक होते. मुलं दगावली ती विषारी रसायनामुळे, हे खरंच. पण एवढ्या लहान मुलांना सर्दी-खोकल्याची मिश्रणं द्यावीत का, हा प्रश्न आधीपासूनच समोर होता. ३ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रानं पुन्हा सांगितलं: दोन वर्षांखालील मुलांना ही औषधं लिहूच नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा. असा निरोप प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्या हाताजवळ हवा. टेबलावरच्या काचेखाली ठेवलेला एक तक्तासुद्धा चालेल.

तिसरा प्रकार: लक्ष ठेवा. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची सूचना ही अशी. इथे डॉक्टरांइतकाच रुग्णही पत्त्यावर असायला हवा, कारण पुरळ आधी त्यालाच दिसणार आहे. त्याला साध्या मराठीत सांगायला हवं: घाबरून गोळी टाकून देऊ नका, पण पुरळ-ताप आला तर डॉक्टरांना गाठा आणि गोळीचं नाव सांगा.

चांगल्या सूचनेत माझ्या दृष्टीनं चार उत्तरं हवीत. कोणतं औषध? कोणाला धोका? आजपासून वेगळं काय करायचं? आणि त्याऐवजी काय द्यायचं? चौथं उत्तर बहुतेकदा गायब असतं. पर्याय न सांगता ‘हे देऊ नका’ म्हटलं की जुनी सवय परत येते. समोर रडणारं मूल आणि काळजीत पडलेली आई बसलेली असते, डॉक्टरांना काहीतरी लिहावंच लागतं.

तुम्ही काय करू शकता?

• औषधाचं पक्कं बिल घ्या. बॅच नंबर त्यावर असतो. उद्या एखादी बॅच परत मागवली, तर तुमची बाटली त्यातली आहे का, हे पाहता येईल.

• डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या. केमिस्टकडून परस्पर घेतलेल्याही त्यात लिहा.

• दुष्परिणाम वाटला तर आधी डॉक्टरांना सांगा, मग १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री नंबरवर कळवा. औषधाच्या दर्जाबद्दल शंका असेल तर महाराष्ट्र एफडीएचा नंबर आहे १८००-२२२-३६५.

• व्हॉट्सअ‍ॅपवर औषधाचा मेसेज आला तर पुढे ढकलण्याआधी बघा: बंदी आहे, बॅच आहे, की फक्त ‘लक्ष ठेवा’ आहे?

मावशीच्या डॉक्टरांनी पुढे काय केलं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी मूळ सूचना शोधून वाचली आणि गोळीचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ती बीपीच्या मशीनवर चिकटवली. परवा गेले तेव्हा चिठ्ठी तिथेच होती, खाली आणखी दोन नावं वाढली होती.