भविष्यनिर्वाहाचा मागोवा

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले असता लागणाऱ्या सिलतऱ्याच्या औद्योगिक क्षेत्रात, स्पंज आयर्नच्या भट्ट्यांपाशी आणि रोलिंग मिलांतून राबण्यात ज्यांची उमेदीची वर्षे सरली, ते कामगार आता एकेक करून निवृत्तीच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाला पोहोचत आहेत. तेव्हा त्यांच्या पगारातून दरमहा कापल्या गेलेल्या पी.एफ.च्या रकमेची वाटचाल तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

भविष्यनिर्वाह निधीविषयीच्या (पी.एफ.) १५ नोव्हेंबर १९५१ च्या वटहुकमाचे पुढील वर्षी कायद्यात रूपांतर झाले. ज्या सहा उद्योगांना तो प्रथम लागू झाला त्यांत लोखंड-पोलादाचा समावेश होता. निर्वाहाची तरतूद सक्तीने करवून घेण्याचा हेतू थोर होता, याविषयी शंका नाही. परंतु एकरकमी हाती आलेला पैसा लग्नकार्यात वा जुन्या कर्जाच्या फेडीत पाहता पाहता संपतो, आणि म्हातारपण मात्र पुढे उरते. या उणिवेवरील उपाय म्हणून १६ नोव्हेंबर १९९५ पासून मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के इतका भाग पेन्शनकडे वळवण्यात आला.

या पेन्शनला किमान दहा वर्षांच्या सेवेची अट आहे, आणि कंत्राटी मजुराची खरी कुचंबणा येथेच झाली. ठेकेदार बदलला की खाते बदले, दप्तरात नावाचे एक अक्षर चुकले की जुने खाते नव्याशी जुळेना, आणि अखंड राबलेल्या मनुष्याची सेवा कागदोपत्री तुकड्यातुकड्यांची ठरे. २०१४ साली यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) आल्यावर ही खाती एका क्रमांकाखाली आणणे शक्य झाले. परंतु त्यापूर्वीचे हिशेब जुळवण्याचे ओझे कामगाराच्याच शिरावर राहिले. त्याच वर्षी किमान पेन्शन १००० रुपये ठरले, ते पुढील दहा वर्षे तेवढेच राहिले. बुलढाण्यात उपोषणाला बसलेले वृद्ध पेन्शनर ७५०० रुपये आणि महागाई भत्ता मागतात. ती मागणी मला सर्वथा न्याय्य वाटते. १५००० रुपयांच्या कमाल पगारमर्यादेवर दहा वर्षे वर्गणी भरणाऱ्यालाही पेन्शनच्या सूत्रानुसार दरमहा सुमारे २१४३ रुपयेच मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मागणीमागील आर्तता कळून येते.

पेन्शनइतकाच पी.एफ.ची रक्कम हाती पडण्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेत नोकरीतील निवृत्तिनिधीतून ठराविक वयानंतर दरसाल किमान रक्कम काढावीच लागते. २०२३ पासून ते वय ७३ आहे, आणि कसूर केल्यास न काढलेल्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत दंडकर बसतो. तेथील सरकारचा हेतू करवसुलीचा असला, तरी त्यायोगे पैसा खातेदाराच्या हयातीतच त्याच्या हाती येऊ लागतो. आपल्याकडे पी.एफ. अर्ज केल्यावाचून मिळत नाही. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर निवृत्त झालेल्याने छत्तीस महिन्यांत मागणी न केल्यास खाते निष्क्रिय होऊन व्याज थांबते. आणि त्यानंतर सात वर्षे कोणी न फिरकल्यास ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. पुढे पंचवीस वर्षे दावा करता येतो खरा, परंतु बापाच्या खात्याचा पत्ताच नसलेल्या मुलाने तो कोणत्या आधारावर करावा? भरणा करवून घेताना मालकाच्या दारी निरीक्षक धाडणाऱ्या सरकारने निवृत्त कामगाराच्या दारीही एक कारकून धाडावा, एवढी मागणी सिलतऱ्याच्या कामगार संघटनांनी आता लावून धरली पाहिजे.