विमानांत सोडलेली पेटी

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं मुलें आतां दरसाल परदेशीं शिकावयास जातात, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यांत त्यांच्या घरीं पेटी भरण्याचा जो समारंभ चालतो, त्यास सल्लागार म्हणून आम्हांसहि बोलावणें येतें. शिक्षकास सर्व कांहीं कळतें, ही समजूत पालकांच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. अशाच एका घरीं कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं मोठ्या ऐटीनें एक जाड पितळी कुलूप आणून दिलें, आपल्या हातांनीं तें पेटीच्या चेनीस लाविलें आणि मुलाच्या आईस म्हणालों, "ताई, आतां निर्धास्त असा."

मुलगा वाटेंत दोनदां विमान बदलून मुक्कामीं पोंचला. पेटी पट्ट्यावरून आली ती बिनकुलपाची. पोरगा थकलेला, बाहेर न्यावयास आलेले मित्र खोळंबलेले. त्यानें ती तशीच उचलून नेली. तिसऱ्या आठवड्यांत थंडी पडली तेव्हां त्यानें दुलई उलगडली, तों तिच्या एका कोपऱ्याची शिवण उसवलेली. त्यानें सहज म्हणून आईस फोनवर सांगितलें आणि पलीकडून बराच वेळ कांहीं उत्तर आलें नाहीं. अडीअडचणीस उपयोगीं पडाव्या म्हणून माउलीनें आपल्या दोन सोन्याच्या बांगड्या त्या कोपऱ्यांत शिवून ठेविल्या होत्या. वेळ आली म्हणजे सांगूं, असा तिचा बेत होता. कुलूप कोणीं तोडलें, कोणत्या विमानतळावर तोडलें, हें आजतागायत कळलें नाहीं. कंपनीनें विचारलें, "तक्रार सात दिवसांत कां केली नाहीं?" त्यास कोणाजवळच उत्तर नव्हतें. तेव्हांपासून या विषयांत आम्हीं जें शोधून काढिलें, तें येथें विद्यार्थ्यांसाठीं व विशेषेंकरून पालकांसाठीं देत आहों.

विमानतळाच्या काउंटरवर पेटी वजन करून दिली, म्हणजे ती सरकत्या पट्ट्यावरून भिंतीआड जाते. तेथें क्ष-किरणांच्या यंत्रांतून तिची तपासणी होते. नंतर कामगार ती गाडींत व गाडींतून विमानाच्या पोटांत चढवितात. विमान बदलावयाचें असेल, तर मधल्या विमानतळावर हा सर्व प्रकार पुन्हां घडतो. इतक्या हातांतून जाणाऱ्या पेटीस कुलूप लावूं नये काय? लावावें, परंतु तें कोणास अडवितें व कोणास अडवीत नाहीं, हें ओळखून लावावें.

तपासणी करणाऱ्या सरकारी माणसांस तें अडवूं शकत नाहीं, व अडवूंहि नये. याचें कारण दुःखद आहे आणि त्याचा आपल्या देशाशीं निकट संबंध आहे. २३ जून १९८५ रोजीं कॅनडाहून लंडनमार्गें भारताकडे येणारें एअर इंडियाचें 'कनिष्क' विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरावर फुटलें आणि त्यांतील ३२९ माणसें मृत्यु पावलीं. व्हँकूवर येथें एका मनुष्यानें, पुढें त्या विमानांत चढावी म्हणून, आपली पेटी देऊन टाकिली होती. स्वतः मात्र तो प्रवासास निघालाच नाहीं. त्याच दिवशीं व्हँकूवरहूनच गेलेली दुसरी एक पेटी जपानांत नारिता विमानतळावर फुटली व सामान उचलणारे दोन कामगार ठार झाले. पुढें २१ डिसेंबर १९८८ रोजीं स्कॉटलंडांतील लॉकर्बी गांवावर एक अमेरिकन विमान कोसळलें. त्यांतील २५९ व गांवांतील ११ माणसें मेलीं. तेथेंहि स्फोटक होतें तें धनी बरोबर नसलेल्या पेटींतच. प्रवासी चढला नाहीं तर त्याची पेटी शोधून उतरवावयाची, हा नियम आज आपणांस नकोसा उशीर करितो. पण तो किती प्राणांच्या मोलानें आलेला आहे, हें विमानांत चुळबूळ करणाऱ्या प्रवाशास क्वचितच ठाऊक असतें.

अमेरिकेंत २००१ च्या सप्टेंबरांतील घातपातानंतर त्याच वर्षीं कायदा झाला आणि २००२ अखेरपासून विमानांत चढणारी प्रत्येक पेटी तपासली पाहिजे असें ठरलें. यंत्रांत कांहीं संशयास्पद दिसलें, तर तेथील अधिकारी धन्याच्या मागें पेटी उघडतात व आंत छापील चिठी ठेवून ती पुन्हां बंद करितात. कुलूप उघडत नसेल तर तें कापतात, आणि त्याची भरपाई मिळत नाहीं. यावर तोड म्हणून २००३ सालीं एक नवें कुलूप निघालें. त्यावर पत्त्यांतील चौकटीसारखी तांबडी खूण असते (पत्ते न खेळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ती तिरक्या उभ्या चौकोनासारखी दिसेल), आणि तळाशीं एक लहानसें किल्लीचें भोंक. आंकडे जुळवून आपण तें उघडावें व अधिकाऱ्यांनीं आपल्या सरकिल्लीनें उघडावें, अशी ही योजना. पण सरकिल्ली म्हटली म्हणजे ती एकाच हातीं रहात नाहीं. २०१४ सालीं एका अमेरिकन वृत्तपत्रांत या किल्ल्यांच्या जुडग्याचें स्पष्ट छायाचित्र छापून आलें. त्यावरून २०१५ सालीं कोणींतरी त्यांचीं मापें काढून सर्वांसाठीं खुलीं केलीं, आणि घरगुती छपाईयंत्रावर प्लास्टिकची किल्ली घडवून लोकांनीं कुलपें उघडूनहि दाखविलीं.

शिवाय आंकड्यांच्या कुलपाचा हिशोब आमच्या गणिताच्या वर्गांतील मुलांनींच करावा. तीन चाकें, प्रत्येकावर दहा आंकडे. म्हणजे ००० पासून ९९९ पर्यंत अवघे १००० प्रकार. एक प्रकार जुळवून पहाण्यास तीन सेकंद लागले, तरी पन्नास मिनिटांत सर्व संपतात. नशीब बरें असेल तर पांचांतच काम होतें. जन्मसाल घालणारांची गोष्ट तर बोलावयासच नको.

आणि एवढी यातायात चोर करील कशाला? ज्या चेनीस आपण कुलूप लावितों, ती चेनच कच्ची असते. साध्या बॉलपेनाचें टोंक दातऱ्यांत दाबून खुपसलें, कीं चेन मधोमध उकलते. हात घालून पाहिजे तें काढून घ्यावें आणि कुलपानें जोडलेल्या दोन्ही सरकपट्ट्या एकदां पेटीभोंवतीं फिरवून आणाव्या, म्हणजे दातरे पुन्हां बसतात. कुलूप जागच्या जागीं, पेटी बंद, आणि धनी समाधानांत! आम्हीं हें शिक्षकांच्या खोलींत एका जुन्या पेटीवर स्वतः करून पाहिलें आणि त्या दिवसापासून पितळी कुलपाबद्दलचा आमचा अभिमान पार उतरला. त्यापेक्षां चेन नसलेली, कडीकोयंड्याची टणक पेटी बरी. ती जड असते खरी, पण तिच्यांत पेन शिरत नाहीं.

मग कुलूप अगदींच निरुपयोगी काय? तसें नव्हे. वाटेंत चेन आपोआप सरकूं नये, आणि घाईच्या जागीं हात घालणारानें सोपी दुसरी पेटी पहावी, एवढें काम तें करितें. त्याच्या जोडीस वायरमन वायरी बांधण्यास जी प्लास्टिकची पट्टी वापरतात, ती दोन्ही सरकपट्ट्यांतून ओढून घ्यावी. क्रमांक छापलेल्या पट्ट्याहि मिळतात. तो क्रमांक लिहून ठेवावा. ही पट्टी कोणासहि कापतां येते, आणि तोच तिचा गुण होय. एकदां कापली कीं ती पुन्हां जोडतां येत नाहीं, त्यामुळें पेटी उघडली गेली हें पट्ट्यावरच दिसून येतें. विमानतळावर पेटीस प्लास्टिकचें वेष्टन गुंडाळून देतात, त्याचाहि उपयोग याच जातीचा.

चोरीपेक्षां अधिक वेळां घडतें तें पेटीचें चुकणें. काउंटरवर पेटीस जी लांब चिठी चिकटवितात, तिच्यावर दहा आंकडी क्रमांक असतो. पहिल्या आंकड्यानंतरचे तीन आंकडे विमान कंपनीचे व शेवटचे सहा त्या पेटीचे. त्याच चिठीवर मुक्कामाच्या विमानतळाचीं तीन मोठीं अक्षरें असतात. तीं तेथेंच उभें राहून वाचावीं. मुंबईचीं अक्षरें बी-ओ-एम. शहराचें नांव बदललें, पण पेट्यांच्या जगांत तें अजून जुनेंच चाललें आहे. मागच्या प्रवासाच्या चिठ्या पेटीवर तशाच मिरवण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु यंत्र जुन्या रेघा वाचून पेटी भलतीकडे धाडूं शकतें, तेव्हां त्या काढून टाकाव्या. नांव व फोन बाहेर लिहावा तसाच एका कागदावर आंतहि ठेवावा, कारण बाहेरची चिठी फाटते. निघण्यापूर्वीं पेटीचें व तींतील सामानाचें छायाचित्र घ्यावें. "काळी, मध्यम, चाकांची" एवढें वर्णन केलें तर तशा शेंकडों पेट्या निघतील. अमेरिकेस जाणारांनीं हेंहि लक्षांत ठेवावें कीं, चिठी शेवटच्या गांवाची असली तरी त्या देशांतील पहिल्याच विमानतळावर पेटी बहुधा आपण उचलून, कस्टमपुढून नेऊन, पुन्हां द्यावी लागते.

आतां त्या सात दिवसांविषयीं. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासांतील सामानाची जबाबदारी १९९९ च्या माँट्रियल करारानें ठरते. भारत त्यांत २००९ सालीं सामील झाला. काउंटरवर दिलेली पेटी हरवली, मोडली वा उशिरां आली, तर कंपनीनें भरपाई द्यावी असें त्यांत आहे. मात्र तीस मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागें, पेटीमागें नव्हे, १५१९ 'स्पेशल ड्रॉइंग राइट' इतकी आहे. हें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचें हिशोबी नाणें. अमेरिकन चलनांत ही मर्यादा सुमारें दोन हजार डॉलर होते. ही रक्कम आपोआप हातीं पडत नाहीं. जेवढें नुकसान दाखवितां येईल तेवढेंच मिळावयाचें. पेटी देतांनाच तिची अधिक किंमत कंपनीस निवेदन करून जादा आकार भरला, तर मर्यादा तेवढी वाढते. ही सवलत फारच थोड्यांस ठाऊक आहे.

परंतु करारांतील सर्वांत महत्त्वाचें वाक्य मुदतीविषयीं आहे. पेटी कांहीं न बोलतां घेतली, तर ती सुस्थितींत मिळाली असें प्रथमदर्शनीं धरतात. नुकसान दिसतांच, आणि फार तर पेटी मिळाल्यापासून सात दिवसांच्या आंत, लेखी तक्रार केली पाहिजे. उशिरां आलेल्या पेटीसाठीं ती हातीं आल्यापासून २१ दिवस. २१ दिवस उलटूनहि पेटी आली नाहीं तर ती हरवली असें धरून हक्क सांगतां येतो, आणि न्यायालयांत जाण्यास दोन वर्षें. म्हणून पट्टी तुटलेली दिसली, तर मित्र कितीहि खोळंबोत, त्याच दालनांत पेटी उघडावी, कंपनीच्या सामान-तक्रारीच्या खिडकीशीं जावें, नोंद करून तिची प्रत व क्रमांक घ्यावा, आणि मगच बाहेर पडावें. त्या नोंदीनंतरहि लेखी मागणी निराळी पाठवावी. खिडकीवरील नोंद म्हणजे मागणी नव्हे, असें म्हणणाऱ्या कंपन्या आहेत.

एवढें करूनहि त्या बांगड्या मिळाल्या असत्या काय? बहुधा नाहीं. सोनें, रोकड, महत्त्वाचे कागद व नाजूक यंत्रें काउंटरवर दिलेल्या पेटींत ठेवल्यास आम्ही जबाबदार नाहीं, असें बहुतेक कंपन्यांच्या अटींत छापलेलें असतें. पदवीचीं मूळ प्रमाणपत्रें, पासपोर्ट, विश्वविद्यालयाचें पत्र, नेहमींचीं औषधें व त्यांची डॉक्टरांची चिठी, चष्मा, एक कपड्यांचा जोड, हें सर्व हातांतील पिशवींत असावें. फोन भारणारी सुटी बॅटरी तर पेटींत ठेवण्यास मनाईच आहे. विमानाच्या पोटांत तिनें पेट घेतला तर विझविण्यास तेथें कोणी नसतो.

यंदां त्या ताईंचा धाकटा मुलगा निघाला, तेव्हां आम्हांस पुन्हां बोलावणें आलें. जावें कीं न जावें, असा विचार करीतच आम्हीं पायऱ्या चढलों. चौकटीच्या खुणेचें कुलूप त्यांनीं आधींच आणून ठेविलें होतें, प्लास्टिकच्या पट्ट्याहि. पेटीच्या तळाशीं तीच जुनी दुलई होती, कोपरा नव्या दोऱ्यानें शिवलेला. आमची नजर तिकडे गेलेली पाहून त्यांनीं ती काढून आमच्यापुढें संबंध उलगडली, चारी कोपरे चिमटींत धरून दाखविले, आणि पुन्हां घडी घातली.