परिपाठ संपला, मुलं वर्गात आली, पुढे काय?

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष एवढं रांगेत पार पडलं की शाळेची सकाळ नीट लागली, असं बहुतेक पालक आणि बरेच शिक्षकही धरून चालतात. परिपाठ हवाच, पण तो सगळ्या शाळेचा असतो. पहिली-दुसरीच्या मुलाचा दिवस लागतो किंवा विस्कटतो तो त्यानंतरच्या दहा मिनिटांत, वर्गाच्या दारात. चपला कुठे काढायच्या, दप्तर कुठे ठेवायचं, गृहपाठाची वही कुठे द्यायची, बाई हजेरी घेईपर्यंत काय करायचं, हे ज्याला ठाऊक असतं ते मूल निवांत बसतं. ज्याला ठाऊक नसतं ते शेजाऱ्याची पेन्सिल ओढतं आणि आपण त्याला खोडकर ठरवतो.

‘जूनमध्ये नियम सांगितले, भिंतीवर तक्ताही लावला, मग पाळायला काय झालं?’ हा गैरसमज सर्वांत चिवट आहे. पहिलीत नुकत्याच आलेल्या मुलाला तो तक्ता वाचताच येत नाही. सवय करून लागते. शिक्षकाने आधी स्वतः दारातून आत येऊन सगळं करून दाखवावं, मग दोन मुलांनी करावं, मग सगळ्यांनी. चुकलं तर न रागावता पुन्हा दारापासून. पायऱ्या चारच ठेवाव्यात आणि तक्त्यावर शब्दांऐवजी चित्रं काढावीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे पुन्हा शिकवावं लागतं. त्यात मुलांचा काही दोष नसतो.

यात अभ्यासाचा वेळ जातो, अशी तक्रार येते. हिशेब करून पाहा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोज सकाळी नुसत्या गोंधळात १० मिनिटं गेली तर वर्षाचे ३३ तास गेले. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकच बाई दोन-तीन इयत्ता सांभाळतात, तिथे तर मुलांनी आपापल्या कामाला लागण्यावर सगळा दिवस उभा असतो.

हजेरीचंच घ्या. एकेक नाव पुकारताना बाकीचे ताटकळतात. त्याऐवजी प्रत्येकाच्या नावाची पट्टी करावी. आल्यावर मुलाने ती ‘घरी’च्या खणातून ‘शाळेत’च्या खणात लावावी. हजेरीपट शिक्षकानेच भरायचा, पण मोजणी सोपी होते. शिवाय मूल रोज आपलं नाव शोधतं, हळूहळू मित्रांची नावंही ओळखू लागतं. वाचनाची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

शांत वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग, हा समजही जुना आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने शांततेचा खेळ घेतो आणि तो साफ फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो, तेव्हा वर्ग आपोआप कान देतो. सकाळी मुलांना बोलायचं असतंच: गाय व्याली, मामा आला, दात पडला. त्यासाठी पाच मिनिटं राखून ठेवली तर ते बोलणं गणिताच्या तासात घुसत नाही.

आणि उशिरा येणारं मूल? त्याला दाराबाहेर उभं केलं की वेळ पाळायला शिकतं, असं अजूनही मानलं जातं. सहा-सात वर्षांचं मूल घरातून कधी निघायचं हे स्वतः ठरवत नाही. आई पहाटे मजुरीला गेलेली असते, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचं असतं, एसटी चुकलेली असते. शिवाय शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. उशिरा आलेल्याचीही एक ठरलेली रीत असावी: गुपचूप आत यायचं, पट्टी लावायची, फळ्यावरचं काम पाहून बसायचं. कारण विचारायचं ते मधल्या सुट्टीत, त्याला एकट्याला जवळ घेऊन. रोजच उशीर होत असेल तर बोलणं पालकांशी करावं.