मोठ्या झाडांची अयोग्य छाटणी

नागपुरातील सदर भागात तारांखालील कडुनिंबाचा शेंडा सपाट तोडला, की थोड्याच दिवसांत दाट फूट येते व झाड सुधारले असा समज होतो. वस्तुतः ही फूट साठविलेल्या अन्नावर येते. तिचा सांधा वरवरचा असल्याने ती पुढे वादळात मोडते. उघडी पडलेली साल वैशाखाच्या उन्हाने भाजते, ते निराळेच. झाडाची जखम भरत नाही, नव्या सालीने केवळ झाकली जाते. खुंटी ठेवल्यास तेही घडत नाही आणि बुरशी गाभ्यापर्यंत पोचते. डांबर फासून ती थांबत नाही. फांदीच्या बुडाशी असलेला फुगवटा राखून त्याबाहेर काप घ्यावा. जड फांदीस प्रथम खालून खाच द्यावी, म्हणजे साल सोलत नाही. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी आधी घ्यावी.