विश्लेषण : अमेरिकेत घर तपासणाऱ्याला दर दोन वर्षांनी पुन्हा अभ्यास का करावा लागतो?

अमेरिकेत घर पसंत पडले, बोली मान्य झाली, बँकेने कर्जाची तयारी दाखवली, तरी खरेदीदार लगेच सही करत नाही. त्याआधी तो स्वतःच्या खर्चाने एका माणसाला बोलावतो. हा माणूस शिडी लावून छतावर चढतो, माळ्यावर रांगतो, विजेच्या पॅनलचे झाकण उघडतो, तळघरातली ओल पाहतो आणि फोटोंसह अहवाल देतो. त्याला म्हणतात होम इन्स्पेक्टर. त्याच्या दोन-तीन तासांच्या पाहणीवर पुढच्या तीस वर्षांच्या हप्त्यांचा निर्णय अवलंबून असतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात घरे घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या टप्प्यातून जावे लागते. त्याने परवाना काढला त्या वर्षीचे घर आणि आज बांधले जाणारे घर यांत मात्र बराच फरक पडलेला असतो. म्हणूनच अनेक राज्यांत परवाना टिकवायचा तर ठरावीक तास पुन्हा वर्गात बसावे लागते. हे तास कशाचे असतात? त्यांचा उपयोग होतो का? आणि आपल्याकडे काय स्थिती आहे?

होम इन्स्पेक्टर नेमके काय करतो?

तो घर डोळ्यांनी तपासतो. भिंत फोडत नाही, फरशी उखडत नाही. जे दिसते, जिथे पोहोचता येते, तेवढेच पाहतो. छत, पाया, प्लंबिंग, वायरिंग, हीटिंग, एसी, खिडक्या-दारे ही त्याची नेहमीची यादी. घराची किंमत ठरवणे हे त्याचे काम नाही, ते अप्रेझर करतो. बांधकाम नियमांनुसार झाले की नाही, याचा दाखलाही तो देत नाही. ते काम सरकारी बिल्डिंग इन्स्पेक्टरचे. होम इन्स्पेक्टर खरेदीदाराला एवढेच सांगतो, की या घरात आज काय बिघडले आहे, काय धोकादायक आहे आणि कशावर लवकरच खर्च करावा लागेल. या अहवालाच्या जोरावर खरेदीदार दुरुस्ती मागतो, किंमत कमी करून घेतो किंवा करारात तशी अट असेल तर व्यवहारातून बाहेर पडतो.

परवाना कोण देते?

यासाठी देशभर लागू असा एकच केंद्रीय परवाना नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. टेक्सासमध्ये परवाना राज्याचा रिअल इस्टेट आयोग देतो. न्यूयॉर्कमध्ये परवान्याआधी १४० तासांचे प्रशिक्षण लागते. त्यातले ४० तास अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांत घालवायचे असतात. फ्लोरिडात परवान्याआधी १२० तासांचे शिक्षण लागते. अनेक राज्यांत ‘नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झामिनेशन’ ही परीक्षा द्यावी लागते. परीक्षा पास झाली, विमा काढला, शुल्क भरले की परवाना हातात येतो. पण त्यावर संपण्याची तारीख असते.

नूतनीकरणासाठी किती तास लागतात?

यातही राज्याराज्यांत मोठी तफावत आहे. दर दोन वर्षांच्या मुदतीत न्यू जर्सी ४० तास मागते, टेक्सास ३२, न्यूयॉर्क २४ आणि फ्लोरिडा १४. तास पूर्ण नसतील तर नूतनीकरण अडते आणि जिथे परवाना सक्तीचा आहे तिथे त्याशिवाय पैसे घेऊन घर तपासणे बेकायदा ठरते. यालाच तिथे ‘कंटिन्युइंग एज्युकेशन’ म्हणतात. ही कल्पना आपल्याला अगदीच अनोळखी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात, तेव्हाच नोंदणीचे नूतनीकरण होते. इंजिनीअरिंगची पदवी मात्र एकदा भिंतीवर टांगली की ती पुन्हा कोणी मागत नाही.

एकदा शिकलेले पुरत का नाही?

कारण घराच्या आतली यंत्रणा बदलत राहते. वीज हे सर्वांत सोपे उदाहरण. अमेरिकेतील ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ दर तीन वर्षांनी सुधारला जातो. पाण्याजवळच्या सॉकेटमधून विजेची गळती झाल्यास क्षणात प्रवाह तोडणारे जीएफसीआय हे उपकरण आपल्याकडच्या ईएलसीबीच्या जातीचे आहे. १९७० च्या दशकात ते आधी घराबाहेरच्या आणि मग बाथरूममधल्या सॉकेटसाठी सक्तीचे झाले. स्वयंपाकघराची पाळी १९८७ मध्ये आली. वायरमध्ये ठिणगी पडून आग लागू नये म्हणून शयनगृहासाठी वेगळे ब्रेकर १९९९ च्या आवृत्तीत आले. जुन्या घराला प्रत्येक नवा नियम लागू होतोच असे नाही. पण या घरात ही सुरक्षा नाही, एवढे तरी खरेदीदाराला सांगता येण्यासाठी इन्स्पेक्टरला नियम केव्हा आणि का बदलला, हे ठाऊक हवे.

एसीचेही तसेच. आर-२२ या वायूचे नवे उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. त्यामुळे बाहेरच्या युनिटच्या पाटीवर आर-२२ लिहिलेले दिसले, तर एसी आज गार हवा देत असला तरी उद्या गळती झाल्यावर खिसा हलका होणार, हे इन्स्पेक्टरने ओळखायला हवे. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए हा वायूही आता मागे पडतो आहे. २०२५ पासून नव्या घरगुती यंत्रांत आर-३२ आणि आर-४५४बी हे सौम्य ज्वलनशील वायू आले. त्यांची हाताळणी आणि बसवण्याचे नियम वेगळे. दहा वर्षांपूर्वी परीक्षा दिलेल्या माणसाच्या अभ्यासक्रमात हे येण्याचा प्रश्नच नव्हता. छतावरचे सोलर पॅनल, घरातली बॅटरी, गॅरेजमधला ईव्ही चार्जर यांनाही हेच लागू पडते.

जुन्या चुका आजही का शिकवतात?

कारण एखादे साहित्य वाईट होते, हे बहुतेकदा ते लाखो घरांत बसवून झाल्यावर कळते. साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबे महागल्याने अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. जोडांपाशी त्या सैल होतात आणि तापतात. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या म्हणण्यानुसार, १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम वायरिंगच्या घरात एखादा जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगच्या घरापेक्षा ५५ पट असते. १९७८ ते १९९५ दरम्यान बसवलेले पॉलीब्युटिलीनचे राखाडी पाइपही असेच. पाण्यातल्या क्लोरीनमुळे ते आतून ठिसूळ होतात आणि बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच फुटतात.

अलीकडचे उदाहरण ‘चायनीज ड्रायवॉल’चे. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर आणि घरबांधणीच्या तेजीत भिंतींसाठीचे जिप्समचे बोर्ड परदेशातून आले. त्यांतल्या काहींमधून गंधकयुक्त वायू सुटत होते. घरात सडक्या अंड्यांसारखा वास, एसीची काळी पडलेली तांब्याची कॉइल, वरचेवर बंद पडणारी उपकरणे अशा तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये सरकारी तपास सुरू झाला. २००४ साली परवाना घेतलेल्या इन्स्पेक्टरने हे कुठून शिकावे? घरात शिरताच काळी पडलेली तार पाहून शंका यायला आधी कोणीतरी सांगावे लागते, की असे असू शकते.

फ्लोरिडात वादळाचे तास वेगळे का?

फ्लोरिडातील १४ तासांपैकी किमान दोन तास चक्रीवादळापासून घर वाचवण्याच्या उपायांवर असावे लागतात. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडात हजारो घरांची छपरे उडवली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २००२ मध्ये राज्यभर एकच बिल्डिंग कोड लागू झाला. तिथे घराचा वादळ-विमा महाग आहे. छप्पर भिंतीला कसे जोडले आहे, खिडक्यांना शटर आहेत का, छपराचा आकार कोणता, यावर हप्त्यात सवलत मिळते. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात अहवाल भरावा लागतो. छपराचा वासा भिंतीला नुसत्या तिरक्या खिळ्यांनी ठोकला आहे, लोखंडी क्लिपने जोडला आहे की पट्टीने वेढला आहे, हे माळ्यावर जाऊन पाहायचे. क्लिप असली तरी तिला वाशात किमान तीन खिळे हवेत, तरच ती क्लिप म्हणून धरली जाते. दोन आणि तीन खिळ्यांतला हा फरक घरमालकाला दरवर्षी विम्याच्या बिलात दिसतो. बांधकामातली ही जुजबी वाटणारी गोष्ट वादळाच्या रात्री कुटुंबाच्या डोक्यावर छप्पर राहते की नाही, हे ठरवते.

तास भरले म्हणजे शिकणे झाले का?

इथे या पद्धतीची कमकुवत बाजू दिसते. नियम मोजतो ते तास. ऑनलाइन कोर्स लावून ठेवायचा, मध्येमध्ये क्लिक करायचे, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड करायचे, ही पळवाट कोणत्याही व्यवसायातल्या अशा सक्तीत असते. सोपा आणि आधीच येत असलेला विषय निवडण्याचा मोहही असतो. अनेक इन्स्पेक्टर एकट्याने धंदा चालवतात. त्यांच्यासाठी वर्गात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई.

तरीही तास रद्द करणे हा त्यावरचा उपाय नाही. तास कशाचे, हा खरा प्रश्न आहे. फ्लोरिडाने ठरावीक विषय सक्तीचा केला, तो स्थानिक धोका पाहून. न्यूयॉर्क परवान्याआधीच प्रत्यक्ष घरांतले तास मागते, कारण सुजलेली फळी किंवा पायाची तिरकी भेग स्लाइडवर पाहणे आणि टॉर्च घेऊन अंधाऱ्या तळघरात शोधणे यांत फरक आहे. सर्वांना सारखे तास देण्यापेक्षा कोणत्या चुका अहवालांतून सुटतात हे पाहून विषय ठरवले, तर त्याच तासांचा खरेदीदाराला जास्त फायदा होईल.

परवानाच नसलेल्या राज्यांत काय?

कॅलिफोर्नियात होम इन्स्पेक्टरसाठी राज्याचा परवानाच नाही. तिथल्या कायद्यात घराची तपासणी म्हणजे काय, याची व्याख्या आहे. तपासलेल्या घराची दुरुस्ती पुढचे १२ महिने त्याच इन्स्पेक्टरने पैसे घेऊन करायची नाही, असे बंधनही आहे, म्हणजे काम मिळवण्यासाठी दोष फुगवून सांगायला आळा बसतो. पण पुन्हा शिकण्याची सरकारी सक्ती नाही. बे एरियात कोट्यवधींचे घर घेणाऱ्याला व्यावसायिक संघटनांच्या नियमांवरच भिस्त ठेवावी लागते. १९७६ मध्ये स्थापन झालेली ‘अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स’ सदस्यांकडून वर्षाला २० तास मागते, तर ‘इंटरनाची’ ही संघटना २४ तास.

महाराष्ट्रात अशी व्यवस्था आहे का?

खरेदीदारासाठी घर तपासणाऱ्याचा असा सरकारी परवाना आपल्याकडे नाही. रिसेलचा फ्लॅट घेताना वकील कागदपत्रे पाहतो. बँकेचा व्हॅल्युअर फ्लॅटवर येऊन जातो, पण तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो, तुमच्या बाथरूमची गळती नाही. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून ऑडिट करून घ्यावे लागते. ते इमारतीचे कॉलम, बीम, स्लॅब यांचे असते. एका फ्लॅटचे वायरिंग त्यात येत नाही. नव्या घराबाबत रेरा कायद्याचे कलम १४ मदतीला येते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण त्यासाठी दोष आधी ओळखता आला पाहिजे. काही खासगी कंपन्या शहरांत तपासणीची सेवा देतात. तपासणाऱ्याने काय शिकलेले असावे आणि ते केव्हा ताजे करावे, हे मात्र त्या कंपनीवरच सोडलेले आहे.

घर घेणाऱ्याने काय करावे?

अमेरिकेत घर घेत असाल तर इन्स्पेक्टरचा परवाना चालू आहे का, हे राज्याच्या वेबसाइटवर पाहून घ्या. एजंटने सुचवलेल्या नावावर थांबू नका. गेल्या दोन वर्षांत कोणते कोर्स केले, हे सरळ विचारा. विषय ऐकून माणसाचा अंदाज येतो. पूर्वीच्या अहवालाचा नमुना मागा आणि तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. पुण्यात किंवा ठाण्यात घर घेत असाल तर सोसायटीकडे शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागा आणि फ्लॅटसाठी ओळखीचा इलेक्ट्रिशियन व प्लंबर एकदा तरी सोबत न्या. त्यांनाही तोच प्रश्न विचारता येतो : अलीकडे नवीन काय शिकलात?